मेटल ही फ्यूजनची खालची पायरी नव्हे

जाडतार

मागच्या आठवड्यात या मंचावर एका सदस्याने लिहिले होते की मेटल हे कान तयार होण्यापूर्वीचे वय असते आणि जाझ फ्यूजन (जाझ आणि रॉक यांचे मिश्रण) कळू लागले की माणूस डिस्टॉर्शनमधून, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजातून, आपोआप बाहेर पडतो. ते वाचून मी दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही. मी वीस वर्षे मेटल ऐकतो आहे आणि फ्यूजनचेही बरेच ऐकले आहे. त्यामुळे हा अडाण्याचा राग आहे असे कृपया कोणी समजू नये.

ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला आणि माइल्स डेव्हिसचा फ्यूजन अल्बम ‘बिचेस ब्रू’ त्याच वर्षी ३० मार्चला. अवघ्या दीड महिन्याचे अंतर असलेल्या या दोन गोष्टींपैकी एक बालवाडी आणि दुसरी विद्यापीठ कशी ठरते, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी ओळ, बांधताना दहा कल्पना टाकून एक ठेवावी लागते, आणि ती एक चार मिनिटे पुन्हा पुन्हा वाजूनही ऐकणाऱ्याला धरून ठेवते. ही शिस्त मला फ्यूजनमध्ये फारशी आढळत नाही. तिथे एकाने सोलो वाजवायचा, बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत वाट पाहायची, आणि शेवटी सर्वांनी मिळून एक अवघड ओळ वेगाने म्हणून दाखवायची. ही मला कसरत वाटते.

अठरामात्रा

पायरीची कल्पना चुकीची आहे, हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु आपण फ्यूजनमध्ये रिफ शोधत बसता आणि तो सापडला नाही की कसरत म्हणून मोकळे होता, हे मला मान्य नाही. शिवाय रिफ तिथेही आहेच. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या फ्यूजन बँडच्या १९७१ च्या पहिल्या अल्बममधील ‘डान्स ऑफ माया’ घ्या. सुरुवातीला जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार १० मात्रांची एक संथ, बेसूरपणाच्या काठावरून चालणारी सुरावट वाजवते, जिचा अंधार कोणत्याही डूम (संथ, जड मेटल) बँडला शोभेल. मग अचानक २० मात्रांचा ब्लूज सुरू होतो, आणि तो इतका सहज डुलतो की मोजल्याशिवाय २० कळतही नाहीत. शेवटाकडे या दोन्ही गोष्टी एकमेकींवर ठेवल्या जातात. १० ची दोन आवर्तने पूर्ण होताना २० चे एक पूर्ण होते आणि दोघी एकाच समेवर येतात. मेशुगा या मेटल बँडच्या गिटारचे विषम आवर्तन चारच्या ठोक्यावरून घसरत घसरत पुन्हा जागेवर येते तेव्हा आपल्याला जो आनंद होतो, त्याच जातीचा हा आनंद आहे. आपल्या कानाला तो आधीच ओळखीचा आहे, मग दार का लावून घ्यायचे?

महाविष्णूचाच ड्रमर बिली कोबम याच्या १९७३ च्या ‘स्पेक्ट्रम’मधले ‘क्वाड्रंट ४’ही ऐका. त्यातला दोन पायांनी वाजवलेल्या बास ड्रमचा डुलता शफल ठेका आणि त्यावर टॉमी बोलिनची गिटार ऐकून बोलिन १९७५ मध्ये डीप पर्पल या हार्ड रॉक बँडमध्ये गेला याचे नवल वाटत नाही.

स्नेअरवाला

कोबमचे नाव निघाले म्हणून लिहितो. मेटल ऐकणाऱ्याला फ्यूजनमधून सर्वांत मोठा लाभ होतो तो ड्रम ऐकण्याचा, कारण आजच्या मेटलमध्ये ड्रम ऐकू येतच नाहीत, ऐकू येते ती ग्रिड, म्हणजे संगणकावर ठोके बसवण्याच्या समान अंतराच्या रेषा. माझ्या बँडच्या पहिल्या ध्वनिमुद्रणासाठी मी तीन महिने एका भागाचा सराव केला होता. त्यात दोन जोरदार ठोक्यांच्या मध्ये डाव्या हाताने स्नेअर ड्रमवर अगदी हलके स्पर्श होते आणि मला त्यांचाच अभिमान होता. मिक्स (अंतिम ध्वनिमिश्रण) हातात आले तेव्हा प्रत्येक ठोका सरकवून रेषेवर बसवलेला होता, किक, म्हणजे पायाने वाजणाऱ्या बास ड्रमच्या, जागी दुसऱ्याच आवाजाचा नमुना चिकटवलेला होता आणि ते हलके स्पर्श ‘गोंगाट’ म्हणून पुसून टाकले होते. वाजवले मी, पण ऐकू येत होता कोणी वेगळाच. त्यानंतर कितीतरी दिवस मी ड्रमला हात लावला नाही. कोबम ऐकताना मला पुन्हा कळले की हलका आणि जोरदार ठोका यांच्यामधल्या अंतरातच वादक राहतो.

जाडतार

आपल्यावर अन्याय झाला याबद्दल मला खरेच वाईट वाटते, पण त्याचे खापर मेटलवर फोडू नका. ते मिक्स करणाऱ्याचे काम होते, शैलीचे नव्हे. मेशुगाचा ड्रमर टोमस हाके उजव्या हाताने झांजेवर स्थिर चार धरतो आणि त्याचे पाय गिटारबरोबर विषम आवर्तनात धावतात. तिथे एक ठोका जरी सैल पडला तरी सगळी इमारत ढासळते. त्या ठिकाणी काटेकोरपणा हाच भाव आहे. तुम्हाला तो यंत्रासारखा वाटत असेल तर दोष तुमच्या कानाचा आहे.

स्नेअरवाला

कानाचा दोष काढण्याआधी मी काय लिहिले ते वाचावे. काटेकोर वाजवणे आणि वाजवल्यानंतर कोणीतरी काटेकोर करून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याबद्दल मला आदर आहे. दुसरीमुळे पंधरा-सोळा वर्षांची मुले ऐकलेल्या वेगाची नक्कल करताना मनगट दुखवून घेतात, कारण ज्याची नक्कल ती करतात ते कोणत्याही माणसाने तसे वाजवलेलेच नसते. मी शिकवतो, म्हणून हे रोज पाहतो, आणि ते पाहून माझा संताप होतो.

अठरामात्रा

ड्रमवरून गिटारकडे येतो. फ्यूजन गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थला मुळात सॅक्सोफोन वाजवायचा होता, म्हणून त्याने तारेवर आघात जवळजवळ ऐकू येऊ नये अशी वाहती, फुंकीसारखी शैली घडवली. मेशुगाच्या १९९५ च्या ‘डिस्ट्रॉय इरेज इम्प्रूव्ह’मध्ये तुटक रिफवरून त्यांचा गिटारवादक फ्रेड्रिक थॉर्डेनडालचा सोलो तरंगत जातो तेव्हा ती फुंक तिथे स्पष्ट ऐकू येते. ज्याला जाडतार कसरत म्हणतात, तिच्यावाचून त्यांचा लाडका बँड आज आहे तसा झाला नसता.

जाडतार

थॉर्डेनडालबद्दलचे म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. काल रात्री मी डेथ या मेटल बँडचा १९९१ चा ‘ह्यूमन’ काढला आणि ठरवून गिटारकडे दुर्लक्ष करून फक्त ड्रमर शॉन राइनर्टच्या झांजा ऐकल्या. शेकडो वेळा ऐकलेल्या त्या अल्बममध्ये रिफ तोच राहतो, पण उजवा हात राइड या मोठ्या झांजेवर जागा बदलत राहतो आणि त्याबरोबर रिफचे वजन पुढे-मागे सरकते, हे मला काल पहिल्यांदा कळले. दोन वर्षांनी सिनिक या बँडच्या ‘फोकस’मध्ये तोच वादक आणि गिटारवादक पॉल मस्विडाल उघडपणे फ्यूजनकडे गेले, हे मला पाठ होते, पण त्याची मुळे इतक्या जवळ ऐकू येतील असे वाटले नव्हते. लांबलेल्या सोलोंबद्दलचे माझे मत बदललेले नाही आणि पायरीच्या त्या वाक्यावरचा रागही कायम आहे. ‘डान्स ऑफ माया’ मात्र आज पुन्हा लावणार आहे, आणि या वेळी पहिल्या ठोक्यापासून फक्त ड्रम ऐकणार आहे.