मदत हवी आहे : जुन्या बुद्धिबळ क्लबांच्या दप्तरांचा अभ्यास कसा करावा?

नमस्कार. एकोणिसाव्या शतकातील बुद्धिबळ क्लबांनी स्पर्धात्मक खेळाला शिस्त कशी लावली, यावर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

1834 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर क्लबात ला बुर्दोने आणि मॅकडॉनेल यांच्यात 85 डाव झाले. ते आज आपल्याला खेळून पाहता येतात, याचे मोठे श्रेय क्लबाचे सचिव विल्यम ग्रीनवुड वॉकर यांना जाते, कारण पटाशेजारी बसून त्यांनी चाली टिपून ठेवल्या. माझ्या मते हे काम खेळाडूंच्या प्रतिभेइतकेच मोलाचे आहे. त्याआधी, 1824 ते 1828 या काळात, एडिंबरा आणि लंडन येथील क्लब पत्रांद्वारे एकमेकांशी खेळले. एडिंबरा जिंकले आणि डाव सुरू करण्याच्या एका पद्धतीचे 'स्कॉच गेम' हे नाव त्याच सामन्यातून रूढ झाले.

माझी खरी अडचण वेळेच्या नियमांची आहे. 1851 च्या लंडन स्पर्धेत घड्याळ नव्हते, 1861 मध्ये अँडरसन आणि कोलिश वाळूच्या घड्याळावर खेळले आणि 1883 च्या लंडन स्पर्धेत जोडघड्याळे (दोन्ही खेळाडूंचा वेळ वेगवेगळा मोजणारी जोडलेली घड्याळे) आली. परंतु या बदलांवर क्लबांच्या बैठकांत कोणते वाद झाले, हे स्पर्धांच्या निकालांवरून कळत नाही. अशी इतिवृत्ते कोणत्या ग्रंथालयांत पाहता येतात आणि ती वाचताना कोणती काळजी घ्यावी, हे कृपया अनुभवी अभ्यासकांनी सांगावे. तत्कालीन बुद्धिबळ नियतकालिकांच्या डिजिटल प्रती कुठे मिळतील हे कळल्यासही मी आभारी राहीन.