मदत हवी आहे : कुस्तीत खांदा निखळला, 'संमती होती' हा बचाव कुठवर टिकतो?

नमस्कार मंडळी,

एलएलबी दुसरं वर्ष. पुढच्या आठवड्यात मूट कोर्ट (विद्यार्थ्यांचा सरावाचा लुटुपुटीचा खटला) आहे आणि आरोपीची बाजू माझ्या गळ्यात पडली आहे. काल्पनिक प्रसंग असा : यात्रेतला फड, दोन्ही पैलवान राजीखुशीने उतरलेले. आरोपीने समोरच्याचा हात मागे पिळून धरला, पंचांनी शिट्टी मारली, पण त्याने लगेच सोडला नाही. खांदा निखळला. वर खोच अशी की जखमी पोरगा 17 वर्षांचा, वडिलांची लेखी संमती होती.

सांधा निखळला म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 नुसार जबर दुखापत, त्यात वाद नाही. बचावासाठी आधी त्याच संहितेचं कलम 25 (जुन्या दंड संहितेचं 87) धरलं. त्यातलं उदाहरणच तलवारबाजीच्या खेळाचं : करमणुकीसाठी दोघे खेळतात, सरळ खेळताना एकाला लागलं तर गुन्हा नाही. पण हे कलम 18 वर्षांपुढच्यांच्याच संमतीला लागू. वडिलांची संमती कलम 27 मध्ये चालते, तर तिथे मूल 12 च्या खालचं हवं. म्हणजे पोरगा दोन्हीकडून लटकला!

उरलं कलम 26. तिथे 18 ची अट नाही आणि जबर दुखापतही अडवत नाही, फक्त मारून टाकायचा हेतू नको. पण कृती सद्भावनेने आणि 'त्याच्या हितासाठी' केलेली हवी. कलम 30 चं स्पष्टीकरण म्हणतं, निव्वळ आर्थिक लाभ हे हित नव्हे. मग इनामाची रक्कम बाद. तालमीने शरीर कमावलं जातं हे हित म्हणावं, तर हात पिरगाळणारा प्रतिस्पर्ध्याच्या तब्येतीसाठी पिरगाळत होता हे मलाच पटत नाही.

सर म्हणतात, इंग्लंडचा 1993 चा ब्राउन निकाल (लैंगिक सुखासाठी राजीखुशीने एकमेकांना केलेल्या इजांचा खटला) वाचा. वाचला. तिथे संमती असूनही 3 विरुद्ध 2 मतांनी शिक्षा कायम झाली, म्हणजे तो सरकारी पक्षाच्याच कामाचा. 2004 चा फुटबॉलमधला बार्न्स खटला (तोही इंग्लंडचाच) मला जास्त जवळचा वाटतो. तिथे टॅकलमध्ये पाय जायबंदी होऊनही शिक्षा रद्द झाली. कलम 26 वरच जोर देऊ का?

प्रतिसाद :
संमतीवर सगळा डाव लावू नका. आरोपी संमतीच्या अपवादात बसतो हे सिद्ध करायचा भार तुमच्यावर येतो (भारतीय साक्ष अधिनियम, 2023, कलम 108). त्याआधी कलम 117 पाहा : जबर दुखापत करण्याचा हेतू किंवा तशी होण्याचा संभव असल्याची जाणीव होती, हे सरकारी पक्षाने वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायचं आहे. कुस्तीत हात पिळला जातोच. खरी भानगड शिट्टीची आहे. शिट्टी ऐकू आल्यावरही धरून ठेवला असेल तर 'सरळ खेळ' संपला, बार्न्सही वाचवणार नाही. हलगीच्या दणक्यात ऐकूच आली नसेल तर चित्र वेगळं. आणि शिट्टीनंतर किती वेळ धरला? आधी मूटच्या प्रसंगाचा मूळ कागद नीट वाचा. कलम 26 पर्यायी मुद्दा म्हणून शेवटी ठेवा.

धागाकर्ता :
धन्यवाद दादा! कागदात 'क्षणभर' एवढंच आहे. हलगीचा उल्लेख नाही, पण 'यात्रेतला फड' म्हटलंय. त्यावरून गोंगाट गृहीत धरता येईल, की न्यायाधीश झापतील?