पिक्चर संपल्यावर घरी आलेली भीती: तुमचे अनुभव सांगा

भयपटांच्या नावांची यादी इथे नकोय, ती कुठेही मिळते. कोणता पिक्चर बघून खरंच भीती वाटली, नेमकी कुठल्या जागी वाटली आणि का, एवढं लिहा. मांजर अंगावर आलं, दार धाडकन आपटलं, तेवढ्यापुरतं दचकायला झालं, ते सोडून द्या. आठवड्याभरानं भांडी घासताना जे आठवतं त्याबद्दल लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी तसं सांगा.

सुरुवात मीच करते. राम गोपाल वर्मांचा 'भूत' 2003 साली आला तेव्हा आमचं नवीन लग्न झालं होतं आणि आम्ही ठाण्यात भाड्याचं घर शोधत होतो. तोवर हिंदी पिक्चरमधली भुतं हवेलीत राहायची. हवेली आमच्या कुणाच्याच नशिबात नसल्यामुळे तिथली भीती तिथेच ठेवून घरी येता यायचं. इथे मात्र मुंबईतली उंच इमारत, स्वस्तात मिळालेला फ्लॅट, लिफ्ट, वॉचमन. गाणं एकही नाही, म्हणजे मध्ये सुटका नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आधी तिथे राहणारी बाई वरून पडून मेली हे नवऱ्याला (अजय देवगण) घर घेतानाच माहीत असतं आणि तो बायकोला सांगत नाही. उर्मिला मातोंडकर त्या घरात एकटी वावरते तेव्हा तिला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असतं. मला भुतापेक्षा त्या नवऱ्याच्या गप्प बसण्याची भीती वाटली. पुढे जे घर मिळालं तिथे पहिल्याच आठवड्यात मी शेजारच्या काकूंना गाठून विचारलं, 'इथे आधी कोण राहायचं हो?' त्यांनी चहा ठेवला आणि आधीच्या तीनही भाडेकरूंची माहिती दिली. सगळे हयात होते. मग मला झोप लागली.

*

मी 'लपाछपी'बद्दल लिहिणार. आमचं गाव मिरज तालुक्यात, चहूकडे ऊस.

बाहेरच्या माणसाला ऊस हिरवागार, देखणा दिसतो. आडसाली, म्हणजे दीडेक वर्ष उभा राहणारा ऊस तोडीला आला की पार डोक्याच्या वर जातो, वाऱ्यानं लोळतो, आणि मग सऱ्या दिसेनाशा होतात. आत शिरलं की चार हातांपुढचं दिसत नाही. पान हाताला कापतं, पायाखाली पाचट वाजतं. कुणी हाक मारली तर ती कुठल्या अंगानं आली ते कळत नाही. लहानपणी आम्हाला सांजेनंतर उसाकडे जायची बंदीच होती. कारण म्हणून साप, कोल्हे, रानडुकरं सांगायचे. त्यामुळे पूजा सावंत त्या फडाच्या मधोमध असलेल्या घरात येते तिथेच माझ्या अंगावर काटा आला, अजून काही घडायचं होतं तरी.

पुढे शेवटाचा अंदाज येईल असं लिहितेय, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. दिग्दर्शक विशाल फुरियांनी भुतं दाखवली आहेत, पण माझी झोप उडवली ती उषा नाईक यांच्या तुळसाबाईनं. पोटुशी बाई घरात आलीय, तिला काय हवं-नको बघणारी, मायेनं बोलणारी, पदर नीट सावरून वावरणारी बाई. अशा दहा बायका मला माझ्या भावकीत दाखवता येतील. 'पहिला मुलगाच होणार बघ' हे माझ्या पोटाकडे बघून मला कितीतरी जणींनी सांगितलंय, आणि सांगताना त्यांचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता. पिक्चरमधली हिंसा त्याच मायेतून येते. मार्च 2017 मध्ये म्हैसाळला, आमच्यापासून काही लांब नाही, पुरलेले 19 भ्रूण सापडले. पिक्चर त्याच वर्षी जुलैमध्ये लागला. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेत सासू-सून बसल्या होत्या. मध्यंतरात दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा 1994 चा आहे, आणि तरीही हा पिक्चर जुना वाटत नाही. मला याहून भीतिदायक काही ठाऊक नाही.

हिंदीत 2021 साली 'छोरी' नावानं पुन्हा केला, दिग्दर्शक तेच. तोही बघितला. पण उसाचा तो आवाज मराठीतच लक्षात राहिला.

*

उसाच्या आवाजाचं लिहिलंत ते फार आवडलं, कारण मी मुंबईत पिक्चरच्या आवाजाचंच काम करतो. भीती ही बरीचशी कानांची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे.

स्टॅन्ली कुब्रिकचा 'द शायनिंग' (1980) घ्या. रिकाम्या हॉटेलात एक लहान मुलगा तीनचाकी सायकल फिरवतोय, कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागे. चाकं लाकडी जमिनीवर खडखडतात, गालिचा आला की एकदम गप्प, पुन्हा लाकूड, पुन्हा गालिचा. वाद्यं काढून टाकली तरी हा प्रसंग चालेल. दोन-तीन वेळा खडखड आणि गप्प झालं की आपण पुढच्या वळणाची वाट बघायला लागतो, आणि त्या वाट बघण्यातच सगळं आहे. हेडफोन लावून एकदा बघा.

'अ क्वाएट प्लेस' (2018) मध्ये दुसरी करामत आहे. आपल्याला जी शांतता वाटते ती पिक्चरमध्ये कधीच पूर्ण शांत नसते. खोलीचा स्वतःचा एक हलका आवाज असतो, पंखा, लांबचा रस्ता, काहीतरी. त्याला आम्ही रूम टोन म्हणतो आणि तो प्रत्येक दृश्याखाली अंथरून ठेवतो. या पिक्चरमध्ये बहिऱ्या मुलीच्या बाजूनं बघताना, तिचं कानातलं यंत्र बंद झालं की तोही काढून टाकलाय. माझ्या शोला त्या क्षणी अख्ख्या हॉलमध्ये पॉपकॉर्न खाणं थांबलं. शेजारच्याचा श्वास ऐकू येत होता. ती भूमिका करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतः बहिरी आहे.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर 'महल' (1949). 'आएगा आनेवाला'च्या सुरुवातीला लताबाई माइकपासून लांब उभ्या राहून गात गात जवळ आल्या. तेव्हा आजच्यासारखी यंत्रं नव्हती, म्हणून बाईनं चालायचं. आवाज दुरून येतोय हे मग खोटं वाटतच नाही.

*

'रात' (1992), रेवती. थिएटरात पिक्चर बघत असताना आजूबाजूची सगळी माणसं नाहीशी होतात तो प्रसंग. मी तो घरी कॅसेटवर पाहिला म्हणून वाचले. त्यानंतर थिएटरात मी कायम कडेची खुर्ची मागते.

*

माझं उत्तर वाचून काहींना नवल वाटेल: 'झपाटलेला'. 1993 चा, महेश कोठारेंचा. मी पहिलीत होतो.

तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्येंनी घडवला आणि चालवला. बोलक्या बाहुल्यांची कला त्यांच्या घरात वडिलांपासूनची. म्हणूनच त्या बाहुल्याची मान वळते तेव्हा ती बाहुल्याची मान वाटत नाही. दिलीप प्रभावळकरांचा तो खर्जातला आवाज. आणि हे सगळं चालू असताना आजूबाजूची मोठी माणसं पोट धरून हसत होती. माझ्या लेखी तीच खरी भीती. लक्ष्या जीव तोडून सांगतोय की बाहुला जिवंत आहे आणि कुणी ऐकत नाही, आणि इकडे मी बाबांचा हात ओढतोय आणि बाबा हसतायत. आमच्या शोकेसमध्ये मावशीनं दिलेला एक बाहुला होता. तो भिंतीकडे तोंड करून ठेवा म्हणून मी रडलो. आजीनं एक शब्द न विचारता तो उचलून माळ्यावर टाकला. घरातल्या एका माणसाला तरी आपलं खरं वाटतंय, हे मला त्या वयात फार मोठं वाटलं.

आता माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला अजून दाखवलेला नाही. दाखवीन तेव्हा हसणार नाही.

*

'द एक्झॉर्सिस्ट' (1973). मी नाशिकला रेडिऑलॉजी विभागात तंत्रज्ञ आहे. या पिक्चरबद्दल सगळे सैतान अंगात शिरलेल्या मुलीची मान फिरण्याचं बोलतात. ती खोली खरोखर थंडगार केली होती, म्हणून नटांच्या तोंडातून वाफ दिसते, हेही सगळ्यांना माहीत असतं. मला ते काही वाटत नाही. माझे हातपाय गार पडतात ते हॉस्पिटलातल्या प्रसंगाला.

मुलीच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करायची म्हणून तिला टेबलावर निजवतात, मानेत सुई टोचतात, रक्ताची चिळकांडी उडते, मग यंत्र धाडधाड आवाज करत फोटो काढू लागतं. हल्ली आम्ही मानेला हात लावत नाही, मांडीतून किंवा मनगटातून नळी घालतो. पण तेव्हाची रीत हीच होती आणि विल्यम फ्रिडकिननं ती जशीच्या तशी दाखवलीय. कुणी वाईट वागत नाही. सगळे आपापलं काम नीट करतायत. आणि फिल्म लावून डॉक्टर म्हणतात, काही सापडत नाही. बाहेर आई उभी.

ती आई मी रोज बघतो. रिपोर्ट नॉर्मल आला की काही आयांचा चेहरा उजळण्याऐवजी उतरतो, कारण लेकराला त्रास तर होतोय. त्या पुढे कुठे जातात तेही मला माहीत आहे. देवऋषी, अंगारा, कुणाचा तरी पत्ता. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

*

भुताशिवायचा भयपट कुणी लिहिलाच नाही, म्हणून लिहिते. 'हा खेळ सावल्यांचा', 1976, आशा काळे. आमच्याकडे दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट असायचा, तेव्हा बघितला. 'काजल रातीनं ओढून नेला' आजही रेडिओवर लागलं की मी आवाज कमी करते, गाणं अतिशय आवडत असूनही. भूत बाहेरून आलं तर दाराला कडी लावता येते. इथे ते त्या बाईच्या स्वतःच्या मनातून उठतं. मल्याळममधल्या 'मणिचित्रताळ'चं (1993) अलीकडे फार कौतुक ऐकते आणि शोभनाचं काम आहेच तसं, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला. पण आपल्याकडे ही वाट त्याआधी चोखाळली गेली होती, हे नव्या मुलांनी जाणून घ्यावं असं मनापासून वाटतं.

*

मी ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला राहते. 'द बाबाडूक' (2014) इथेच चित्रित झाला. पुढे शेवट फोडतेय.

बाळंतपणासाठी दवाखान्यात जाताना अपघात होतो, नवरा जातो, मुलगा जन्मतो. त्यामुळे मुलाचा वाढदिवस त्या तारखेला कधी करतच नाहीत. दिग्दर्शिका जेनिफर केंटनं त्या आईचं न झोपणं, दातदुखी, मुलावर खेकसणं असं दाखवलंय की राक्षस यायच्या आधीच मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. माझा भाऊ गेला त्यानंतरच्या वर्षात मी माझ्या मुलाशी तशीच बोलत होते. आणि शेवटी तो राक्षस मरत नाही. तळघरात राहतो. आई त्याला वाडग्यातून गांडुळं नेऊन देते.

इथल्या मैत्रिणींना तो वाडगा विचित्र वाटला. मला नाही वाटला. पितृपक्षात आमच्याकडे भावाच्या आवडीची अळूची भाजी होते, पान वाढून बाहेर ठेवतात. आईला फोनवर पिक्चरची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, 'बरोबर केलं तिनं. उपाशी ठेवलं की त्रास देणारच.'

*

पान वाढण्यावरून 'तुंबाड' सांगायलाच हवा, इतका वेळ कुणी कसा लिहिला नाही! आम्ही खेडचे. तुंबाड आमच्याच तालुक्यात, जगबुडीच्या काठी.

राही अनिल बर्वेंचा हा पिक्चर 2018 ला आला तेव्हा फार चालला नाही, 2024 ला पुन्हा लागला तेव्हा गर्दी झाली. दोन्ही वेळा पाहिला. पाऊस खराखुरा आहे, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नाही. खोट्या पावसात भिंत ओली दिसते, आतून मुरलेली दिसत नाही. आषाढात आमच्या माजघरातल्या भिंतीला हात लावला की ती गार आणि मऊ लागते, खालून पोपडे सुटलेले असतात, दिवसा कंदील लावावा लागतो. पडद्यावर तो वाडा दिसला आणि मला तो वास आला.

लोक हस्तरबद्दल, म्हणजे पिक्चरमधल्या सोन्याच्या हव्यासी शापित देवाबद्दल बोलतात, कणकेच्या बाहुल्या, विहिरीसारखी ती आतली जागा. देखणं आहे सगळं, पण ते बघताना मी फक्त बघत होतो. घाबरलो ते पहिल्या भागात. साखळदंडात बांधलेली म्हातारी, तिला वेळेवर भरवायचं, भरवताना ती जागी झाली तर काय म्हणायचं ते पोराला पाठ करून ठेवलेलं. आई धाकट्याला घेऊन घाईनं जाते आणि थोरला एकटा राहतो, घरात ती. माझी पणजी शेवटची काही वर्षं अंथरुणावर होती. तिला पेज भरवायचं काम शाळेतून आल्यावर माझ्याकडे असायचं. तिचं माझ्यावर प्रेम होतं, माझंही होतं. तरी काळोख्या खोलीत ती मला ओळखेनाशी होऊन टक लावून बघायची तेव्हा हातातली वाटी थरथरायची, आणि हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. देवचार, मुंजा, चकवा यांच्या गोष्टी सगळे हौसेनं सांगतात. आपल्याच माणसाची भीती वाटते हे कुणी सांगत नाही. त्या पोराच्या हातात ताट दिसलं आणि मला पहिल्यांदा कुणीतरी ते सांगितलं.

2024 ला माझ्या थोरल्या मुलाला घेऊन गेलो होतो. परतताना त्यानं सोन्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही. 'ती आजी आधी चांगली होती का?' एवढंच विचारलं. हो म्हणालो, आणि खेड येईपर्यंत त्याला पणजीबद्दल सांगत राहिलो.