मदत हवी आहे: आमचा बँड गेला, अर्जाचा मसुदा आहे का कुणाकडे? (तातडीने)

बडोदेकर_७३
नमस्कार मंडळी. आमचा बँड फाइव्ह-जीवाल्यांनी गिळला. ट्रायला (दूरसंचार नियामक) दोन मेल टाकले, साधी पोचसुद्धा नाही. आता सह्यांचा अर्ज करायचाय, चाळीसेक जण तयार आहेत, रविवारी दांडिया बाजारात बसून फायनल करायचंय. कुणी आधी असा अर्ज केला असेल तर मसुदा टाका, मराठी इंग्रजी काहीही चालेल. आणि कृपया "मोबाइल आहे की" असं लिहू नका, ते घरी रोज ऐकतो.

चहाटळ
बँड म्हणजे लग्नातला ना? मी त्या आशेने आत आलो.

वायरमन
कुठला बँड? किती मेगाहर्ट्झ? लायसन्स कुठल्या ग्रेडचं? "गिळला" म्हणजे यादीतून काढलाय की गोंगाट होतोय? हे न सांगता मसुदा कसा देणार?

बडोदेकर_७३
अहो हॅम रेडिओचा, आम्हा हौशी वायरलेसवाल्यांना दिलेला लहरींचा पट्टा, आणखी कुठला. नऊ सेंटीमीटर लांबीच्या लहरींचा. व्हीयू२ कॉलसाइनवालं लायसन्स आहे, १९९८ पासून. मसुदा आहे की नाही तेवढं सांगा.

इंदुरी_शेव
भिया, आमच्याकडे पण तेच, हँडीवर (हातातल्या वायरलेस सेटवर) सारखा खरखराट. सोसायटीत एलईडी दिवे लागले तेव्हापासून. चार्जर काढून बघा एकेक, मी रात्री अकराला मेन स्विच पाडून चेक केलं, बायकोने दुसऱ्या दिवशी माहेरची धमकी दिली.

बडोदेकर_७३
एलईडीचा काही संबंध नाही. नीट सांगतो. माझ्या लायसन्सच्या कागदावर ३३०० ते ३४०० मेगाहर्ट्झ छापलंय. मी आणि माझा मित्र, आम्ही जुन्या डीटीएचच्या छत्र्यांना तुपाच्या डब्याचा फीड (लहरी सोडणारं-घेणारं तोंड) लावून बडोदा ते पावागडच्या पायथ्यापर्यंत लिंक केली होती. डबा बरोबर साडेसहा सेंटीमीटरचा शोधायला तीन दुकानं पालथी घातली, शेवटी रावपुऱ्यात मिळाला, त्यातलं तूप महिनाभर पोळीवर खाल्लं. पावागडावर देवीला होणारी गर्दी तुम्हाला माहितीच आहे, नवरात्रात कॅमेऱ्याचं चित्र इकडे आणायचं हा विचार होता. मग २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० विकायला काढलं आणि पुढे आमच्या गच्चीसमोरच टॉवर उभा राहिला. आता रिसीव्हर उघडला की शंभर मेगाहर्ट्झ रुंद भिंत दिसते.

वायरमन
कशावर बघितली भिंत? आरटीएल डोंगल (स्वस्तातला यूएसबी रिसीव्हर) १.७ गिगाहर्ट्झच्या वर जातच नाही, बरेच जण तिथेच फसतात.

बडोदेकर_७३
प्लुटो आहे माझ्याकडे, त्याच्याही वर जाणारा रिसीव्हर.

वायरमन
मग ठीक. आता वाईट बातमी. तिथे आपण सेकंडरी होतो. म्हणजे भाडेकरूसुद्धा नाही, ओसरीवर पथारी टाकायची परवानगी. मालक ऊठ म्हणाला की वळकटी उचलायची, आणि त्याच्या घोरण्याची तक्रारही करता येत नाही. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झची गोष्ट वेगळी, ते जगभर आपल्या सातबाऱ्यावर आहे. त्यामुळे "आमचा हक्क हिरावला" असं लिहिलंत तर पहिल्याच वाक्यात अर्ज संपला. आणि ट्रायला कशाला लिहिलंत? ट्राय शिफारस करतं. फ्रिक्वेन्सी वाटपाचा नॅशनल प्लॅन दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा बनवते, दिल्लीला संचार भवनात. वायरलेस अ‍ॅडव्हायजरच्या नावाने पाठवा.

सह्याजीराव
वायरमन, तुमच्यासारख्यांमुळेच सगळं जातं. २०१९ ला फ्रान्सने १४४-१४६ विमानांसाठीही तपासा म्हटलं तेव्हा जगभर ऑनलाइन सह्यांचा पाऊस पडला, मागे घ्यावंच लागलं. सह्या करा, जितक्या जास्त तितक्या.

वायरमन
पाऊस पडला म्हणून नाही. आयएआरयूची, म्हणजे हॅमच्या जागतिक संघटनेची माणसं युरोपातल्या प्रशासनांच्या बैठकीत कागद घेऊन बसली आणि त्या देशांना पटलं म्हणून. शिवाय तो प्राथमिक बँड होता, आपल्या हक्काचा. अमेरिकेत हॅमचं २२० ते २२२ मेगाहर्ट्झ १९८८ मध्ये गेलं, तिथे हॅम कोर्टापर्यंत गेले तरी गेलंच. सह्यांनी होत असतं तर आज तारसेवाही चालू असती.

निवृत्त_तारमास्तर
तारेचं नाव निघालं म्हणून लिहितो. जुलै २०१३ ला बंद केली तेव्हा आमच्यासाठी कुणीही सही केली नव्हती. शेवटच्या दिवशी मात्र आठवण म्हणून तार पाठवायला रांगा. आदल्या वर्षी आला असतात तर!

सह्याजीराव
आरटीआय टाका. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. हॅमना बँड का आणि कधी काढला विचारा. फाइलवर काहीच नसेल तर तेच अर्जाला जोडायचं.

वायरमन
हे बरोबर. पहिल्यांदा सहमत आहे.

लिंकवाला
एवढा वाद कशाला? ५७२५ ते ५८४० हॅमना आहेच, शिवाय ५.८ गिगा २०१८ पासून लायसन्सशिवाय मोकळं आहे. बाजारातली दोन आउटडोअर वायफाय यंत्रं घ्या, पावागड दिसत असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. तुपाचा डबाही नको.

बडोदेकर_७३
मला लिंक नकोय हो, अर्ज हवाय! आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घराघरात शिरली, वीज नाही, मोबाइल आज आहे उद्या नाही, तेव्हा कोण उपयोगी पडलं? हॅमच ना? हे अर्जात टाकणार आहे मी.

वायरमन
टाका, पण तेव्हा काय चाललं? दोन मीटरवरची (१४४-१४६) हँडी चालली असेल. वाचणारा अधिकारी विचारेल की पुरात ३.३ गिगावर काय झालं, तेव्हा काय सांगाल? काका, रागावू नका, पण लिंकचा लॉग आहे का? तारीख, वेळ, किती वापर? पावागडचा पत्ता लायसन्सवर चढवलाय? आणि तुमचा स्वतःचा पत्ता बरोबर आहे ना?

बडोदेकर_७३
पावागडचा नाही चढवला, मित्राच्या शेतावर होतं. माझा पत्ता नवापुऱ्यातला जुनाच आहे, आता गोत्रीला राहतो. ते नंतर बघू, महत्त्वाचं नाही.

लिंकवाला
महत्त्वाचं नाही?? डब्ल्यूपीसीला पत्र पाठवताय, त्यात पत्ता कुठला लिहिणार? आधी सरकारच्या सरल संचार पोर्टलवर जाऊन पत्ता बदला.

इंदुरी_शेव
हा पोर्टल रात्री दीडनंतर मस्त चालतो.

वायरमन
माझं ऐका, ३३०० परत मागू नका, कोटी कोटी मोजून घेतलंय मोबाइल कंपन्यांनी, आणि तिथे आता चुकूनही ट्रान्समिट करू नका. मागायचं ते हे, की पुढचा प्लॅन बनताना हॅमनाही विचारा आणि आहे ते तरी ठेवा. १२६० ते १३०० वर उपग्रह नेव्हिगेशनवाल्यांचा डोळा आहेच, दुबईच्या जागतिक रेडिओ परिषदेत २०२३ ला ते कसंबसं वाचलं, तेही पॉवर कमी ठेवा वगैरे सुचवून. तिथे लॉग दाखवता आला तर कुणी ऐकेल.

बडोदेकर_७३
काल रात्री लॉगबुक काढलं. तीन वर्षांत लिंक अकरा वेळा लावली. त्यातल्या सात वेळा फक्त "हॅलो, चित्र आलं का". एकदा मित्राच्या मुलीच्या वाढदिवसाचा केक दाखवला. नवरात्रात एकदाच, तेव्हाही वादळाने छत्री हलली. मित्र आता कॅनडात आहे, तिकडचं टोक बंदच आहे म्हणा.

सह्याजीराव
हे लिहू नका अर्जात!

वायरमन
अकराच्या अकरा लिहा. खोटं लिहिलं तर पुढच्या वेळी आमचंही कुणी वाचणार नाही.

बडोदेकर_७३
बरं. "हिरावून घेतले" काढलं, पुराचा परिच्छेद दोन मीटरसाठी ठेवला, २३ सेमीचं (१२६०-१३००) नवीन घातलं. पत्त्याचा अर्ज काल टाकला, पावती आली. पण चाळीस सह्यांचं काय करू? त्यातले सव्वीस तर हॅमच नाहीत, आमच्या गरबा मंडळातले आहेत.

चहाटळ
गरबा मंडळ आहे तर बँड आहेच की.

ट्रेकवेडा
पावागड वाचून आलो. पुढच्या शनिवारी मुलांना घेऊन जायचंय, ऑनलाइनची ती चिनी वॉकी-टॉकी चालेल का लायसन्सशिवाय? कुठल्या साइटवर स्वस्त आहे?