मिनी ट्रॅक्टरच्या छोट्या ट्रॉलीला कुठले टायर घ्यावेत?

प्रश्न: दोन चाकी ट्रॉली, जमीन काळी, पाणंद कच्ची. परवा शेणखत नेताना 6.00-16 चे (6 इंच रुंद, 16 इंची रिमचे) टायर रिमपर्यंत रुतले. सगळं खत पाट्यांनी उतरवलं, कंबर मोडली. रुंद टायर घेऊ की जास्त प्लायचे (आतल्या थरांचे)?

उत्तर: दादा, प्लाय जास्त म्हणजे वजन जास्त पेलतं, रुतणं काही थांबत नाही. त्याला रुंदीच लागते. मी 7.50-16 बसवले, पण फळीला घासायला लागले. आधी रिमची रुंदी आणि फळीपर्यंतचं अंतर मोजा. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखी खोल नक्षी नको, ट्रॉलीचं चाक नुसतं ओढलं जातं.

उत्तर: बांधावर बाभळी असतील तर प्लायही बघाच. प्लाय कमी असेल तर काटा आरपार जातो.

प्रश्नकर्ता: बाभळी आहेत! उद्याच मोजतो.