ओपनएपीआय स्पेकमधून डॉक्युमेंटेशन बनवताना रेफशेजारचं डिस्क्रिप्शन गायब होतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची कुरिअर बुकिंगची एपीआय आहे. तिचं स्पेक (एपीआयचं ठरलेल्या साच्यातलं वर्णन) यॅमल फाइलमध्ये आहे, ओपनएपीआय या मानकाच्या ३.०.३ आवृत्तीत. गिटवर पुश केलं की सीआय (आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) चालतं आणि स्वॅगर यूआय या डॉक्युमेंटेशन दाखवणाऱ्या टूलची पानं आपोआप सर्व्हरवर जातात. इथवर सगळं सुरळीत आहे.

बुकिंगच्या रिक्वेस्टमध्ये दोन पत्ते असतात: माल उचलायचा आणि पोचवायचा. दोन्ही फील्ड डॉलर-रेफने ($ref, म्हणजे दुसरीकडच्या व्याख्येचा संदर्भ) 'पत्ता' या एकाच स्कीमाकडे (डेटाच्या रचनेच्या व्याख्येकडे) जातात. उचलायच्या पत्त्यावर जो माणूस हजर असेल त्याचाच फोन नंबर द्यायचा, कंपनीच्या ऑफिसचा नाही, हे मी रेफच्या खालच्याच ओळीत डिस्क्रिप्शन म्हणून लिहिलंय. पण तयार पानावर दोन्ही फील्डखाली स्कीमाचं सामाईक वाक्यच येतं. एररही येत नाही. तीच फाइल दुसऱ्या एका टूलमध्ये उघडली तर माझं वाक्य व्यवस्थित दिसतं!

स्कीमाच्या दोन कॉपी करायच्या नाहीत. उद्या एक फील्ड वाढलं की एकीकडे बदल होईल, दुसरीकडे राहून जाईल. ग्राहकांचे डेव्हलपर ही पानं वाचूनच कोड लिहितात, त्यामुळे ते वाक्य तिथे दिसायलाच हवं. काय करता येईल?

प्रतिसाद १
स्वॅगर यूआय नियमाप्रमाणेच वागतंय. ३.० मध्ये डॉलर-रेफ जिथे आहे तिथे शेजारी लिहिलेलं बाकी सगळं दुर्लक्षित करायचं, असं स्पेसिफिकेशनच सांगतं. काही टूल्स तरीही ते दाखवतात, म्हणून तुम्हाला फरक दिसला.

३.० वरच राहायचं असेल तर रेफ थेट लिहू नका. फील्डखाली ऑल-ऑफ (allOf, म्हणजे यादीतल्या सगळ्या स्कीमा लागू) लिहा, त्याच्या यादीत तो एकच रेफ ठेवा आणि डिस्क्रिप्शन ऑल-ऑफच्या पातळीवर आणा. स्कीमा एकच राहते. त्याच फाइलमधून क्लायंट कोडही बनवत असाल तर मात्र तो एकदा तपासा, काही जनरेटर अशा फील्डसाठी वेगळा क्लास काढतात.

प्रतिसाद २
वरचा उपाय बरोबर आहे, पण जमलं तर ३.१ वर जा. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीत स्कीमा 'जेसन स्कीमा' या मानकाच्या २०२०-१२ आवृत्तीशी जुळवल्या आहेत, त्यामुळे स्कीमातल्या रेफशेजारचं डिस्क्रिप्शन चालतं. स्वॅगर यूआय ५.० किंवा पुढचं हवं, त्याआधीच्यात ३.१ चालत नाही. आणि फक्त फाइलच्या वरचा आवृत्तीचा आकडा बदलून भागणार नाही: 'नलेबल' (फील्डची किंमत नल, म्हणजे रिकामी, चालेल असं सांगणारी खूण) गेलं, आता टाइपच्या यादीत 'नल' लिहावं लागतं.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. ऑल-ऑफ करून बघितलं, वाक्य आलं! आमच्या स्पेकमध्ये नलेबल जागोजागी आहे, त्यामुळे ३.१ चं काम वेगळ्या ब्रांचवर घेतो. रेफशेजारी काही लिहिलं तर सीआयमध्येच बिल्ड अडवायचा आहे. त्यासाठी स्पेक्ट्रल या स्पेक तपासणाऱ्या टूलचा तयार नियम कोणी वापरतंय का?

प्रतिसाद १
हो, 'नो-डॉलर-रेफ-सिब्लिंग्ज' हा नियम आहे त्यात. ओपनएपीआयच्या तयार नियमसंचातच येतो.