इन्स्टॉल चालू आणि डिस्कच नाही – तुमचे अनुभव लिहा

परवा माळा आवरताना जुन्या सीड्यांचा डबा सापडला आणि सगळं आठवलं. अशी वेळ तुमच्यावरही आली असेल तर कसं निभावलं ते सविस्तर लिहा, जुनी मशीनं अजून बऱ्याच घरांत आणि दुकानांत चालू आहेत, कुणाला तरी उपयोग होईल. सुरुवात मी करते.

२००१ चा मे महिना, घरी विंडोज ९८. नवा प्रिंटर जोडला तर विंडोज मूळ सीडी मागायला लागलं. मशीन असेंबल करून देणाऱ्याने सीडी दिलीच नव्हती आणि तोवर त्याने दुकानही बंद केलेलं. बाबांच्या ऑफिसातले एक काका आले, म्हणाले आधी कॅब फाइली (विंडोजच्या सेटअपच्या दाबून ठेवलेल्या फाइली) शोध. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात ऑप्शन्स, त्यात कॅब्ज असा फोल्डर निघाला, अख्खं सेटअप तिथेच कॉपी करून ठेवलेलं! फाइली कुठून घेऊ असं विचारणाऱ्या चौकटीत तो पाथ टाकला आणि प्रिंटर सुरू. तेव्हापासून कुणाचंही मशीन फॉरमॅट केलं की मी आधी सीडीवरचा विन९८ फोल्डर डी ड्राइव्हवर टाकायचे. सव्वाशे एमबीच्या आसपास जातात, पण सेटअप तिथूनच चालवलं की विंडोज तोच पाथ धरून ठेवतं, परत परत सीडी मागत नाही.

---

आमच्याकडे तर सीडी ड्राइव्हच नव्हता. विंडोज ९५ च्या १३ फ्लॉप्या, त्यातली अकरावी वाचेना. दुसऱ्याच्या सेटवरून कॉपी काढावी म्हटलं तर तेही जमेना, कारण पहिली सोडून बाकीच्यांवर नेहमीच्या १.४४ ऐवजी १.६८ एमबी भरलेले, डॉसच्या डिस्ककॉपीला (फ्लॉपीची हुबेहूब नक्कल काढणारी कमांड) ते झेपत नाही. शेवटी मित्राच्या मशीनचा फ्लॉपी ड्राइव्हच खोलून आणला, त्यात ती वाचली गेली. लगेच सगळ्या फ्लॉप्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. म्हणजे डिस्क खराब आहे असं ठरवायच्या आधी ड्राइव्ह बदलून बघाच.

---

डेबियन ३.१ (लिनक्सचा एक प्रकार), साल २००५. पूर्ण संच १४ सीड्यांचा, माझ्याकडे फक्त पहिली. सगळे म्हणाले राहू दे. पण जास्त लागणारी पॅकेजेस सुरुवातीच्या सीड्यांवरच असतात, इन्स्टॉलरने आणखी सीडी आहे का विचारलं की नाही म्हणायचं, सिस्टीम नीट उभी राहते. माझी अडचण पुढे झाली, मित्राची दुसरी सीडी ॲप्टमध्ये (डेबियनचं पॅकेजेस टाकणारं साधन) ॲप्ट-सीडीरॉम कमांडने नोंदवली आणि तो ती घेऊन पुण्याला गेला, मग काहीही टाकायला गेलं की ॲप्ट म्हणे ती सीडी ड्राइव्हमध्ये घाला आणि एंटर दाबा. दोन दिवस गेले. सोर्सेस लिस्ट (पॅकेजेस कुठून घ्यायची त्याची यादी असलेली फाइल) उघडून त्या सीडीच्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाकला, म्हणजे ती ओळ बंद झाली, अपडेट मारलं, थांबलं एकदाचं.

---

विंडोज एक्सपी टाकताना एफ६ दाबून साटा (हार्ड डिस्क जोडायची पद्धत) ड्रायव्हरची फ्लॉपी द्यावी लागते आणि लॅपटॉपला फ्लॉपी ड्राइव्हच नसतो, तेव्हा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) हार्ड डिस्कचा मोड एएचसीआय बदलून जुना आयडीई करा. हार्ड डिस्क दिसते.

---

सासऱ्यांचा लॅपटॉप, विंडोज ७. सोबत डिस्क आलीच नव्हती, रिकव्हरी (विंडोज परत टाकायच्या फाइली) हार्ड डिस्कच्याच एका पार्टिशनमध्ये, आणि गेली ती हार्ड डिस्कच. नवा असताना रिकव्हरीच्या डीव्हीडी राइट करून घ्या असं लॅपटॉपच सांगत होता, आम्ही पुढे ढकलत राहिलो, त्याचं फार वाईट वाटलं. लॅपटॉपखालच्या स्टिकरवरची प्रॉडक्ट की (विंडोजचा कोड) झिजून गेलेली, अर्धी अक्षरं टॉर्च तिरका धरून वाचली. त्याच एडिशनची डीव्हीडी भावाकडे मिळाली, ऑनलाइन ॲक्टिव्हेशन काही होईना, मग फोनवरून केलं. स्क्रीनवरचे ५४ आकडे सहा-सहाच्या गटांनी फोनवर दाबले, पलीकडून आलेले आकडे सासरे मोठ्याने म्हणत गेले आणि मी टाइप करत गेले.